लाल रेघेची पिशवी

तुम्ही फसवलंत आम्हाला. या इस्पितळाच्या संशोधन विभागाचे प्रमुख म्हणून मोठ्या खुर्चीत बसता तुम्ही. "तुमच्यामुळे पुढच्या बायका वाचतील," असं माझ्या धाकट्या जावेला तुम्हीच सांगितलं होतंत.

तिच्या पहिल्या बाळंतपणात तुमचा अभ्यास चालू होता. बाळ बाहेर आलं की बाईच्या खाली पारदर्शक पिशवी लावायची. रक्त त्यात साठत जातं. ते लाल रेघेला टेकलं, म्हणजे धोक्याइतकं गेलं, की कुणी कुणाची वाट बघायची नाही. इंजेक्शन, सलाइन, पोट चोळणं, सगळं एकदम. धाकटी तयार झाली. बाळ रडलं, मी दिराला फोन लावतेय तोच आतून नर्स ओरडली, "रेघ गाठली!" सगळे धावले. धाकटी वाचली.

आता तिचे पुन्हा दिवस भरलेत. परवा तपासणीच्या वेळी तिने नर्सला विचारलं, "पिशवी आहे ना?"

"अभ्यास संपला, बाई."

"निकाल वाईट लागला?"

"छान लागला. म्हणून तर संपला."

"ऐकलंत जाऊबाई? पाणी लागलं, म्हणून विहीर बुजवली!"

तशाच तडक तुमच्या खोलीत आलो. तुम्ही म्हणालात, प्रस्ताव वर पाठवलाय. तोवर आमचे अनुभवी डॉक्टर नजरेने अंदाज घेतातच.

धाकटीने तुमच्या टेबलावरचा पाण्याचा स्टीलचा जग उचलला आणि कोपऱ्यातल्या तपासणीच्या खाटेवर ओतला. चादर, गादी, सगळं भिजलं.

"सांगा, किती गेलं?"

"अहो, हा काय तमाशा?"

"सांगा ना. अनुभवी आहात."

"असेल पेलाभर."

तिने जग उलटा धरला. थेंब पडला नाही. "काठोकाठ होता, साहेब. शिपायाने आमच्यासमोर भरून ठेवला."

तुम्ही उठलात. पाहुण्यांना दाखवायला कपाटात ठेवलेली एक पाकीटबंद पिशवी काढलीत. "ही तुमच्यापुरती घ्या. बोभाटा नको."

"घे गं," मी तिला कोपराने ढोसलं. "शहाणपणा नंतर कर."

तिने पाकीट माझ्या पर्समध्ये कोंबलं. "घेतली. मी काही वेडी नाही. आता बाकीच्यांच्या काढा."

"बाकीच्या कोण?"

तिने दार उघडलं. बाहेर बाकड्यावर पोटुशा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "त्यांनी कुठे मागितलीये?"

हे मात्र चुकलं तुमचं. धाकटी कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढे उभी राहिली आणि त्या रात्री आपल्या खाली काय लावलं होतं ते सगळं सांगून मोकळी झाली. आडपडदा नाही, लाज नाही. एकीची सासू म्हणाली, "शिव शिव, चारचौघांत काय बोलतेस!" सून म्हणाली, "आई, तुम्ही जरा थांबा. ताई, कुठे मिळते ती?"

तेव्हापासून आम्ही तुमच्या दारात आहोत. घरी जा म्हणालात आणि दार लावून घेतलंत. धाकटी म्हणते, कळा इथेच आल्या तर रिक्षा शोधायला नको. आता सगळ्याजणी मागतायत, तोंडाने आणि मोठ्याने. त्या सुनेला आत्ताच कळा सुरू झाल्यात, तिला आत नेतायत. पर्समधलं पाकीट धाकटीने हातात धरलंय, आणि तुम्ही काही बोलला नाहीत तर ती ते तिला देऊन टाकेल. मी ओळखते तिला.

मग धाकटीच्या खाली काय घालाल? अंदाज? प्रस्तावाचं सांगू नका. दार उघडा आणि उत्तर द्या.