फौजदारीण, बटाटा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे. एक कडी तुटलेली, तळाला सुतळीची शिवण आणि अंगाला असा वास, की मला कोणी स्वयंपाकघरात येऊ देत नाही. पण मी काही जन्मतः अशी नव्हते. विणणाऱ्या मावशींनी मला इस्त्रीच्या कपड्यांसाठी घडवलं होतं. महिनाभर मी कपाटावर ऐटीत बसले. मग आजोबांनी परसात कोंबड्या पाळल्या आणि माझी बदली झाली. मी कोंबड्यांचा दवाखाना झाले.

पहिली रोगी फौजदारीण. तपकिरी, तुरेबाज. पहिला दाणा तिचा, भांडणाचा निवाडा तिचा. मांजरसुद्धा तिला वाट देई. एके सकाळी ती कोपऱ्यात फुगून बसली. खाईना, हलेना. आजोबांनी तिला खालच्या गवतासकट उचलून माझ्यात ठेवलं, वर टॉवेल घातला आणि घरातला रेडिओ बंद करायला लावला. त्यांच्या धाकट्या बहिणीला सगळे आक्का म्हणत. ती म्हणाली, ही खुडूक झालीय, अंडी उबवायची हौस आलीय तिला. आजोबांनी कानाआड केलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी गवतात हात घातला. फौजदारणीनं त्यांच्या बोटावर कडकडून चोच मारली आणि तिच्या पोटाखालून निघाला एक बटाटा. चांगला ऊन ऊन!

त्या दिवसापासून आजोबांनी कायदाच केला. कुठलीही कोंबडी आजारी पडली, की म्हणायचे, आधी बटाटा पाहा, दोन दिवस थांबा. दोन-तीन कोंबड्या खरंच आपल्या आपण बऱ्या झाल्या. आजोबांची छाती फुगली आणि माझाही भाव वधारला.

सहा वर्षं गेली. एका दुपारी शेजारचा कुत्रा कुंपणावरून आत आला. सगळ्या कोंबड्या पळाल्या. फौजदारीण मात्र त्याच्यावर धावून गेली. अधिकारच तसा होता तिचा. कुत्रा नाक सोलवटून पळाला, पण तिची कंबर मोडून गेला.

ती पुन्हा माझ्यात आली. आजोबा चमच्यानं पाणी पाजत आणि म्हणत, दोन दिवस बघू. मला मात्र ठाऊक होतं. खुडूक कोंबडी तळाला घट्ट चिकटून बसते. ही एका कुशीवर कलंडे, दर श्वासाला थरथरे. तो थरथराट माझ्या काडीकाडीत उतरे. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण टोपलीचं कोण ऐकतं? आक्काचंही कोणी ऐकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आक्का माझ्याजवळ येऊन बसली. तिनं टॉवेल उचलून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "दादा, हे दोन दिवस तू तुझ्यासाठी थांबलास. तिच्यासाठी नाही."

आजोबा उठले. चपला घातल्या, त्याही उलटसुलट, आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आले.

बाईंनी तिला हळूच तपासलं. म्हणाल्या, "ही बरी नाही व्हायची. पण तिला सोडवता येईल. आधी गुंगीचं इंजेक्शन देते, मग दुसरं. तिला काही कळणार नाही."

बाईंचा हात जवळ येताच फौजदारणीनं चोच उगारली. जोर नव्हता, पण नेम अचूक होता. "ओळखलं हिनं मला," बाई बोट चोळत म्हणाल्या. आजोबांनी दोन्ही हात माझ्यात घालून तिला धरलं. जन्मात कोणाला कुरवाळू न देणारी ती, त्यांच्या तळव्यावर मान टाकून निजली. थरथर थांबली. इतकी शांतता माझ्या पोटात त्याआधी कधी नव्हती.

सगळं झाल्यावर आजोबांनी सवयीनं तिच्या पोटाखाली हात घालून पाहिलं. बटाटा नव्हता.

"खात्री केली आपली," ते म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आता माझ्यात कपड्यांचे चिमटे असतात. माझ्या उरलेल्या कडीला डॉक्टरीणबाईंचा फोन नंबर बांधलेला आहे, आजोबांच्या अक्षरात. मित्रांनो, मुक्या जीवाला माया लावा, बरं करायची खटपट करा. बटाटासुद्धा जरूर पाहा. पण तो नसला, तर फोन करायला दोन दिवस लावू नका.