बैलबाजारात विकला गेलेला कॅम्पर

मित्रांनो, मी एक जुना, दोनदा विकला गेलेला घडीचा कॅम्पर आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्यासारखं काही पाहिलेलं नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. मी म्हणजे दोन चाकांवरची एक चपटी पेटी. गाडीच्या मागे जोडून मला ओढत नेतात. मुक्कामाला पोचल्यावर माझ्या कुशीतला दांडा फिरवायचा. झाकण वर उचललं जातं, दोन्ही बाजूंनी एकेक पलंग बाहेर सरकतो आणि पेटीचं कापडाचं घर होतं. त्याला जाळीच्या खिडक्या असतात.

माझा जन्म भिवंडीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथले कारागीर टेम्पोच्या बॉड्या बांधायचे. कॅम्पर त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. माझ्या होणाऱ्या मालकाने त्यांना मोबाइलवर चित्र दाखवलं आणि म्हणाला, असं करून द्या. त्यांनी करून दिलं. माझी चाकं एका मोडक्या जीपची, बिजागऱ्या लोखंडी दाराच्या, कापड जाड कॅनव्हासचं. तरी मी ताठ उभा राहिलो. पहिल्यांदा झाकण उचललं तेव्हा सगळे हातातली कामं टाकून बघायला आले होते.

तिथून मला मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी आणलं. मालक शहरातला. त्याने भाताची खाचरं भाड्याने घेतली, तंबू ठोकले आणि रस्त्याला 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी लावली. शनिवारी गाड्या यायच्या. माझ्यात झोपायला लोक आधीपासून सांगून ठेवायचे. माझ्या दारात उभे राहून फोटो काढायचे. मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू?

पण त्या फोटोंत भागी कधीच नव्हती.

भागी तिथल्याच गावची. मी ज्या खाचरात उभा होतो, ते तिच्या दिराचं. सुट्टीच्या दिवशी ती स्वयंपाकाला यायची. शंभर माणसांच्या भाकऱ्या चुलीवर थापायची. भांडी घासायला कातकरवाडीची बायडी असायची. पाहुणे म्हणायचे, "मावशी, किती नशीबवान हो तुम्ही, रोज इथे राहता!" आणि खरकटं ताट तिथेच टाकून उठायचे. तोंडाने गोड आणि हाताने आळशी अशी माणसं मी इथे पोत्याने पाहिली. त्यांना निसर्ग पाहिजे होता. निसर्गात राबणाऱ्या बाईचं नाव मात्र कुणी विचारलं नाही.

एका दुपारी पाहुणे निघून गेले होते. भागी चादरी गोळा करायला आत आली आणि क्षणभर पलंगाच्या कडेवर टेकली. जाळीतून समोर डोंगर दिसत होता. तेवढ्यात बाहेरून सुदाम ओरडला. सुदाम म्हणजे मालकाचा मॅनेजर.

"ए, उठ गो! ते पाहुण्यांसाठी हाय. चादर मळंल."

ती उठली. जिथे बसली होती तिथली सुरकुती हाताने सारखी केली. मित्रांनो, तिच्या भाकऱ्यांवर त्याचा मालक जगत होता आणि तिच्या बसण्याने त्याची चादर मळत होती! मला तोंड असतं तर मी सुदामला शिव्याच घातल्या असत्या.

त्या दिवशी भागीने घरी नवऱ्याला एवढंच सांगितलं, "एकदा आपण पण असं कुठंतरी फिरायला जाऊ. मी चूल पेटवणार नाय. नुसती पडून राहीन." हे मला पुढे कळलं. नवऱ्याचं नाव अनंता. भात आणि भेंडी करणारा, बोलायला कमी. पण तो ते विसरला नाही.

पुढे जवळच कुणीतरी पोहण्याचा तलाव बांधला आणि गाड्या तिकडे वळल्या. एका पावसाळी रविवारी सुदामने मला ओलाचिंब असताना मिटवला आणि पुन्हा उघडलाच नाही. ओलं कापड मिटवून ठेवलं तर काय होतं, ते तुमच्या आईला विचारा. अंधारात माझं अंग कुजत गेलं. बाहेरून रंग तसाच होता.

शेवटी मालकाने सगळं विकायला काढलं. पौषात म्हसा गावाला मोठी जत्रा भरते, सगळा तालुका तिथे लोटतो. सुदामने मला तिथे नेलं. जागा मिळाली ती बैलबाजाराच्या कडेला. माझ्या एका बाजूला खिल्लारी जोडी, दुसऱ्या बाजूला म्हशी.

"काय रे ही, वडापावची गाडी काय?" येणारे-जाणारे विचारायचे.

तिथे अनंता आला. बरोबर मुलगा अनिल होता. अनंताला गावात बैलाचा पारखी म्हणून मान होता. कुणालाही जोडी घ्यायची असली की अनंताला घेऊन जायचे. त्याने मलाही तसाच पारखला. भोवती फिरला. कुशीवर थाप मारली. चाकं अंगठ्याने दाबून बघितली, जसे खूर बघतात. मग अनिलला म्हणाला, "आपल्या पिकअपला जुंप आनि एक फेरी मार."

अनिलने फेरी मारली. अनंता मागून चाल बघत राहिला.

"चालीला सरळ हाय. मान टाकत नाय."

"बाबा, एकदा उघडून तरी बघू," अनिल म्हणाला.

"बैल घेताना त्याचं पोट फाडून बघतोस काय रे?"

सगळे हसले. सुदाम सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याला कारण होतं.

मग त्या बाजाराची रीत झाली. सुदामने रुमाल टाकला, दोघांनी रुमालाखाली हात घातले आणि एकमेकांची बोटं दाबत भाव ठरवला. किती बोटं दाबली ते सांगणार नाही, रुमालाखालचं बाहेर बोलायचं नसतं. आणि रुमाल उचलला की सौदा फिरवायचा नसतो. फिरवणाऱ्याला बाजारात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

भागीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की हा ओला मिटलाय. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बैलबाजारात बाईला कोण नेतो? आणि अनंताला तर तिला चकित करायचं होतं.

घरी आल्यावर अंगणात माझ्यापुढे नारळ फुटला. सून दामिनीने हळदकुंकू लावलं. शेजारीपाजारी जमले. भागी पदर तोंडाला लावून उभी होती. तिला रडू येत होतं की हसू, ते मला कळलं नाही. अनंताने दांडा फिरवला.

आधी वास बाहेर आला. मग उंदरांचं घरटं पडलं. मग झाकण वर जाताना कापड टराटरा फाटलं, आणि माझी अब्रू भर अंगणात उघडी पडली.

शेजारचा बुधू म्हणाला, "अनंता, बैल तर झकास आनलास! आतून शेन बी भरून दिलाय."

अंगण हसलं. भागी हसली नाही. तिने फाटलेलं कापड हातात धरलं आणि हळूच विचारलं, "उघडून नाय घेतला?"

अनिल म्हणाला, "आटगावचा भंगारवाला येतो, त्याला देऊन टाकू." अनंताने ते ऐकलं नाही. त्याने मला गोठ्याच्या मागे लोटलं आणि वर पेंढा टाकला. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. गावात कुणी जोडी घ्यायला निघालं की आता अनंताला हाक मारीनासं झालं. मला माझ्यापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटायचं. त्याने वाईट काही केलं नव्हतं. बायकोसाठी काहीतरी आणायला गेला होता आणि फसला होता. फसवणारा सुदाम मात्र जत्रेत जिलेबी खाऊन घरी गेला.

शिमगा आला. एका सकाळी भागीने माझ्यावरचा पेंढा ओढला, कोंबड्या हाकलल्या आणि दामिनीला हाक मारली. दोघींनी मला अंगणात आणलं. साबणाने घासलं, उन्हात उघडा टाकला. कुजलेलं कापड कात्रीने कापून काढलं. जाळी तेवढी शाबूत होती. भागीने भात झाकायची निळी ताडपत्री आणली, पोती शिवायचं दाभण आणलं आणि सुतळीने मला शिवायला बसली.

तेवढ्यात बायडी आली. ती दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाते, सणापुरती घरी आली होती. तीही दाभण घेऊन बसली.

भागी म्हणाली, "बायडे, तू पन चल ना आमच्यासंगती. एक दिवस."

"कशाला गो?" बायडी म्हणाली. "मी दिवालीपासून ताडपत्रीखालीच रायते. माझा रोजच क्यांपिंग."

दोघी खळखळून हसल्या. भागीचं हसू आधी थांबलं. मित्रांनो, शहरातला माणूस हौसेने कापडाखाली झोपला तर त्याचे फोटो निघतात. बायडी सहा महिने पोटासाठी झोपते, तिच्याकडे कुणी बघत नाही. हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. सण संपला आणि बायडी परत भट्टीवर गेली. भागीने तिच्या पिशवीत तांदळाचे पापड घातले. त्याहून जास्त तिच्याही हातात नव्हतं.

मला शिवत होते त्या दिवशी सकाळपासून अनंता ओट्यावर पाठ करून बसला होता. दुपारनंतर उठला. बैलाच्या शिंगांना लावायचं तेल घेऊन आला आणि माझ्या बिजागऱ्यांना लावू लागला.

"तुला न्यायला पायजे होती बाजाराला," तो खाली बघत म्हणाला.

"मला नेली असती तर तुमी रुमालाखाली हात घातला असता का?"

"नाय."

"मग बरं झालं नाय नेली. गाडा आला असता कुठं?"

अनंता बऱ्याच दिवसांनी हसला.

निघायच्या दिवशी सगळ्या गावाला एकच कोडं पडलं. बुधूने विचारलं, "कुणाकडं चाललाव?"

"कुणाकडं नाय," भागी म्हणाली.

"लगीन हाय?"

"नाय."

"मग देवाला?"

"नाय रे बाबा. असंच."

असंच कुठे जातात, हे गावाला माहीत नव्हतं. भागीलाही नव्हतं. तिने सवयीने पापडांची एक पिशवी बांधून घेतली होती. दामिनी म्हणाली, "आई, हे देणार कुणाला? नदीला?"

किन्हवलीच्या अलीकडे नदीकाठी एक मोकळं माळरान आहे. तिथे आम्ही थांबलो. अनंताने दांडा फिरवला. निळ्या ठिगळांचा मी हळूहळू उभा राहिलो, आणि काही फाटलं नाही. भागी आत गेली, पलंगावर आडवी झाली, जाळीतून नदीकडे बघत राहिली. पण थोड्याच वेळात उठून बाहेर आली आणि झाडाच्या फांदीने माझ्यापुढची जागा झाडू लागली.

"आई, बसा!" दामिनीने फांदी हिसकावून घेतली. भागी दगडावर बसली, पण टेकल्यासारखी. कुणीतरी आता उठवणार, अशी.

आणि खरंच एक मोठी गाडी येऊन थांबली. आतून चार-पाच जण उतरले. त्यांनी मला पाहिलं, भागीचं नेसलेलं लुगडं पाहिलं, आणि त्यांचा हिशोब झाला.

"मावशी, चहा मिळेल ना? आणि दुपारी पिठलं-भाकरी? चूल इथेच लावता का?"

भागी उठून उभी राहिली. एवढ्या वर्षांची सवय ती. हात आपोआप पातेल्याकडे गेला. अनिल बघत होता, दामिनी बघत होती. अनंता बघत होता. मी माझ्या सगळ्या सुतळ्या आवळून धरल्या. आता तिने चूल पेटवली असती, तर मला शिवलेलं सगळं फुकट गेलं असतं.

भागीने पातेलं उचललं, बाजूला ठेवलं आणि पुन्हा खाली बसली. या वेळी नीट, पाय पसरून.

"इथं नाय मिलायचा," ती म्हणाली. "मी फिरायला आलेय."

त्या माणसांना आधी समजलंच नाही. मग त्यातली एक बाई ओशाळली, "सॉरी हं, मावशी," म्हणाली, आणि गाडी गेली.

अनंता उठला, तीन दगड मांडले आणि चहा ठेवला. त्याला सवय नव्हती. दूध उतू गेलं, साखर मूठभर पडली. भागीने बसल्या जागी कप घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आमच्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं. सांगतो, जपा. पण मला कुणी जपलं नाही तरी ताडपत्री आणि दाभण मिळतं. तुमच्या घरात मात्र एक माणूस असं असेल, जे सगळ्यांच्या सुट्टीत राबतं आणि त्याची सुट्टी कुणी धरतच नाही. त्याला एकदा हाताला धरून बसवा. चहा तुम्ही करा. बिघडला तरी चालतो.