तात्यांचं राखीव

"पाणी द्यायचं नसंल तर नको देऊ, पण फुसफुस कशाला करतो?" नानासाहेब मोरीतल्या नळाला दम देत होते. स्वयंपाकघरात त्यांची सून प्रेरणा हसली. सासरे माणसांना असं कधी बोलत नसत, नळाला बोलत.

पडेगावच्या त्यांच्या वसाहतीत दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. आजूबाजूला नव्या इमारती उठल्या, प्रत्येकीनं आपापला बोअर मारला, आणि ते दिवसभर पाणी ओढत. वसाहतीच्या बोअरला संध्याकाळीच काय ते थोडं पाणी चढे. नेमकं त्याच वेळी सारं शहर वीज मागतं. तेवढे तास बाहेरची वीज कमीत कमी घ्यायची, असं वसाहतीनं वीज कंपनीला कबूल केलेलं. बदल्यात बिलात सूट. गच्चीवरच्या सोलरची वीज सामाईक बॅटरीत साठायची आणि संध्याकाळी घरोघरी वाटली जायची. ज्याला जास्त हवी त्यानं शेजाऱ्याचा वाटा विकत घ्यायचा. हा बाजार मोबाईलवर भरे, आणि नानासाहेब त्याचे पाटील. "कोण कूलर बंद ठेवतंय? कुणाची इस्त्री उद्यावर?" असं विचारून शेवटी ते लिहीत, "तात्यांचं राखीव ठेवलंय."

शेजारच्या तात्यासाहेबांना ऑक्सिजनचं मशीन लागे. त्यांच्या वाट्याला हात लावायचा नाही, उलट प्रत्येकानं आपल्यातली थोडी वीज त्यात घालायची, हे कुणी ठरवलं नव्हतं. आपसूक झालं होतं. एवढ्या राखीव विजेवर बोअरची मोटार सहज चालली असती.

तात्यासाहेब संक्रांतीनंतर वारले. खांदा द्यायला सगळी वसाहत होती, तेराव्याला सगळे जेवले. पण 'राखीव'ची ती ओळ गाळायला नानासाहेबांचं बोट काही धजावलं नाही. पहिल्या दिवशी नाही, मग कधीच नाही. आता चैत्र सरत आला होता आणि भिंतीपलीकडं, तात्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या घरात, मशीन अजून धापा टाकत होतं.

प्रेरणा दिवेलागणीला पोळ्या लाटताना ते ऐकायची. एकदा आपलं लाटणं त्याच ठेक्यात फिरतंय हे ध्यानात आलं, तेव्हा तिनं ते खालीच ठेवलं.

आज टँकरही आला नाही.

"नाना, मोटार लावू या ना. लक्ष्मीकाकूंना मी सांगते मशीन बंद करायला."

"अन् त्या 'का?' म्हणल्या तर?"

नानासाहेब पुन्हा नळाकडं वळले. पदर खोचून प्रेरणा निघालीच.

लक्ष्मीबाईंचं दार उघडंच होतं. पलंगावर धुतलेली चादर, उशीवर नाकातली नळी. मशीनच्या बाटलीत पाणी बुडबुडत होतं, खुणेपर्यंत भरलेलं.

"ये गं. हळू बोल."

प्रेरणा पलंगावर टेकणार होती. तिथं तात्यांचे पाय असतील, असं मनात आलं आणि तिनं खुर्ची ओढली. मग स्वतःचीच तिला भीती वाटली.

"काकू, ते पाणी..."

"व्हय, माहितीय." लक्ष्मीबाई मशीनकडं बघत राहिल्या. "त्यांना नेलं तेव्हा याची आठवण कुणाला? पाहुणे गेले, मग मी बंद करायला हात घातला बघ. तेवढ्यात मोबाईल वाजला. तात्यांचं राखीव ठेवलंय. मी हात काढून घेतला. म्हणलं, सगळी वसाहत ठेवतीय, म्हंजे..."

त्यांनी उशीवरची नळी सरळ केली.

"तुझे सासरे दारावरून चपला हातात घेऊन जातेत. पोरं इथं चेंडू खेळत नाय. एवढी शहाणी माणसं म्हणतेत ते खरं, का मी डोळ्यानं बघितलं ते? मला लई दिवस झाले, कळंना झालंय. झोपेत कूस बदलते तर त्यांची जागा सोडून बदलते." त्यांनी प्रेरणाचं मनगट धरलं. "त्यांच्यासाठी कूलर बंद करतेत लोक, उकाड्यात बसतेत. अन् एकजण येऊन बोलत नाय. तू तरी बोल, पोरी."

मशीननं श्वास घेतला, सोडला.

"काकू," प्रेरणा म्हणाली, आवाज मुळीच हळू न करता, "तात्यासाहेब गेले."