परकी बाई

दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर परांचीवरून डोक्यावर पडला, त्याला बरेच महिने झाले होते. जिवावरचं बोटावर निभावलं, असं लोक म्हणत. लोकांचं काय जातं? घरी आणलेला माणूस भिंतीकडे बघत नुसता बसून असायचा. मग डॉक्टरांनी मेंदूला तरतरी आणणारी गोळी सुरू केली आणि त्याच्या बायकोला बजावलं, "गोळी फक्त जाग आणेल. त्या जागेपणी रोज जे कानावर पडेल, तेच हे धरून ठेवतील. तेव्हा तुम्ही कोण, ते रोज सांगत जा."

गोळी लागू पडली. थोड्याच दिवसांत पेंटर बोलला, "बाई, जरा पाणी देता का?"

जन्मभर 'अगं ए' करणारा नवरा 'देता का' म्हणतोय! ती म्हणाली, "अहो, बाई कसली? मी तुमची बायको." तो इतका बिचकला की दिवसभर तिच्या हातचा घास घेईना.

दुसऱ्या दिवशी ती गप्प राहिली. जेवता जेवता तोच म्हणाला, "तुमच्या हाताला चव आहे, बाई. पण आमच्या हिची सर नाही. तोंडाने तोफ आहे, पण असं माणूस शोधून सापडायचं नाही. तिला कधी बोललो नाही मी हे."

आता सांगा, सगळ्या संसारात 'बरं झालंय' एवढंही ज्याच्या तोंडून निघालं नाही, त्याच्याकडून हे ऐकल्यावर कोण विरघळणार नाही? तिने डोळे पुसले आणि विचारलं, "आणखी काय करते तुमची बायको?"

तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. रोज गोळी द्यायची, आणि परकी होऊन समोर बसून आपलंच कौतुक ऐकायचं. उद्या सांगू, उद्या सांगू, करता करता महिने उलटले. आठवणीवर औषध निघालं, मोहावर कुठून आणायचं?

बोलायला शिकवणाऱ्या मॅडम घरी आल्या तेव्हा त्यांनी तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, "या कोण?"

"या बाई. माझं सगळं करतात," पेंटर न अडखळता म्हणाला.

मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "धडा पक्का झालाय, पण चुकीचा. आता पुसला जाईलच, असं मी सांगू शकत नाही." तिने आपल्या हातानेच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. रागवायचं तरी कुणावर?

त्या संध्याकाळी तिने त्याचे हात धरले. "अहो, मीच तुमची बायको. मीच ती."

या वेळी तो बिचकला नाही. हलकेच हात सोडवून म्हणाला, "असं बोलू नये, बाई. तुम्ही निघा आता. ती येईल इतक्यात. तिला वाईट वाटेल."

ती चपला घालून बाहेर पायरीवर बसली. मनाशी खूप घोळवून तिने आपल्याच घराचं दार वाजवलं. आतून भिंतीला धरत तो लगबगीने आला. "आलीस होय गं?" म्हणत त्याने दार उघडलं. तिला पाहून त्याचा चेहरा पडला.

"तुम्ही होय," तो म्हणाला. "काही विसरलात का, बाई?"