जमनाआजीची अक्कलदाढ

अरे ऐका ना, त्या दिवशी बोईसरजवळच्या नवापूरला एवढी गर्दी की लोक सुकत घातलेले बोंबील सारून बसलेले. आत दर्याबाबा. डोळे अर्धवट मिटलेले, मांडीवर शाल. दारातला चेला नाव पुकारणार आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत बाबा दुखणं सांगणार, तेही बरोबर. समुद्र येऊन कानात सांगतो म्हणे. समुद्राला दुसरं कामच नाही.

पण हसू नका, आमची जमनाआजी फसली ना यात. बाबाने न विचारता तिची साखर ओळखली आणि वर हुकूम सोडला, गोळ्या बंद, माझं मंतरलेलं पाणी पी. आजीने खरंच बंद केल्या आणि चक्कर येऊन ओट्यावर पडली. तरी म्हणते, "तो न सांगता वलखतो. डाक्टरला सगला सांगावा लागतो."

इथे माझी हिनाताई चमकली. ती बोईसरला सॉफ्टवेअरचं काम करते. तिने विचारलं, डॉक्टरला सांगतेस कसं? तर चिंचणीच्या मेघाली डॉक्टरांचं ॲप आहे, त्यात दुखणं लिहिलं की नंबर लागतो. ॲप बनवलं चिरागने. आणि चिराग बाबाचा सख्खा भाचा.

ताई डॉक्टरांच्या परवानगीने ॲपच्या आत शिरली. आता बघा, आपला मेसेज थेट डॉक्टरकडे जात नाही. बंदरावर मासळीची पाटी कशी हातोहात जाते, एक धुतो, एक निवडतो, एक बर्फ टाकतो, तसंच. त्या हातांना हँडलर म्हणतात, आणि ॲप ज्या तयार सांगाड्यावर उभं असतं त्या फ्रेमवर्कमध्ये आपल्याला हवा तो हँडलर मध्ये बसवता येतो. चिरागने एक जास्तीचा बसवलेला. त्याचं काम, प्रत्येक मेसेजची कॉपी बाबाच्या मोबाईलवर. समुद्र शालीखाली होता.

मी म्हटलं, काढून टाक. ताई म्हणाली, "काढला तर बाबा म्हणेल समुद्र रुसला. त्यालाच बोलू दे." तिने चिरागच्या हँडलरच्या अलीकडे आपला एक बसवला, दुखण्यांची अदलाबदल करणारा. पलीकडे दुसरा, सगळं परत जागेवर आणणारा. डॉक्टरांना बरोबर, बाबाला खिचडी.

दुसऱ्या दिवशी मारुतीकाका खोकून बेजार, बाबा त्यांना टाचेचा उपाय सांगतोय. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग आजी बसली, तिनेही सकाळीच ॲपवर नव्याने दुखणं लिहिलेलं.

"डावी अक्कलदाढ ठणकतेय," बाबा म्हणाला.

आजीने आ केला. आत एक दात नाही, नुसत्या हिरड्या.

बाबा गडबडला, म्हणाला ही मागच्या जन्मीची दाढ.

"मंग गोल्या पन मागच्या जल्मीच बंद करायच्या होत्या," आजी म्हणाली.

ताईने तिथेच ॲपवर मेसेज टाकला. शाल थरथरली, आतून उजेड दिसला. मग ताईने सगळ्यांना पाटीचं आणि हातांचं समजावलं. आजी म्हणाली, "म्हंजे वाटेत आमची पाटी उघडून पायलीन." आणि उठली, गोळी घ्यायला.

म्हणून सांगतो, कुणी तुमच्या मनातलं बोललं तर हात जोडायच्या आधी एवढंच आठवा, हे मी आधी कुठे सांगितलंय? आणि औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरलाच विचारा.