बाळाजीची हिरवी झेंडी

"एक गाडी चुकली नाय आपली! तीस वर्षांत एक नाय!"

बाळाजी हे छातीवर हात मारून सांगायचा, आणि सांगायचा तरी किती वेळा! विजेवरच्या रेल्वेला शंभर वर्षं झाली म्हणून अंबरनाथ पूर्वेला स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरलं होतं. जुने फोटो, कंदील, काचेच्या पेटीतली छोटी इंजिनं, आणि हॉलच्या शेवटी एक लाल-पांढरं फाटक. फाटकासमोर प्लायवूडचा गार्डचा डबा. त्या फाटकाशी खराखुरा रिटायर गेटमन उभा करायची कल्पना कुणा साहेबाला सुचली आणि पालेगावात बाळाजीला बोलावणं गेलं. म्हातारा असा खूश! जुना निळा शर्ट इस्त्री करून, झेंड्या काखेत मारून हजर.

हॉलमध्ये पाय ठेवला आणि तो दारातच थबकला. लोकांना माहिती सांगायला ऑफिसने जिला पाठवलं होतं, ती मीनल होती. त्याची सून.

सून कसली, नावापुरती! त्याचा एकुलता मुलगा चेतन मालगाडीवर गार्ड होता. दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली, अंगावर काढली, आणि बघता बघता गेला. त्याच्या जागी मीनलला रेल्वेत नोकरी लागली. पण सासऱ्या-सुनेचं बोलणं त्याच्याही कितीतरी आधीच तुटलं होतं.

"काका, तुम्ही इथे उभे राहा," ती म्हणाली.

काका! परक्या माणसाला म्हणावं तसं. बाळाजी गुमान फाटकाशी जाऊन उभा राहिला. दुसरं करणार काय?

तुटलं कसं, तेही ऐका. फाटकावरून गाडी जाताना गेटमनने हिरवी झेंडी दाखवायची आणि शेवटच्या डब्यातून गार्डने उलट झेंडी दाखवायची. म्हणजे गाडी ठीक, सगळं ठीक. ज्याने दाखवली नाही, त्याची खबर दुसऱ्याने स्टेशनला द्यायची. एवढाच नियम. बाळाजीचं फाटक अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये, आणि मुलगा त्याच मार्गावर गार्ड. बापाला कोण अभिमान! एका दुपारी चेतनची मालगाडी आली, बाळाजीने झेंडी धरली, आणि गार्डचा डबा रिकाम्या दाराने समोरून निघून गेला.

आता, बाळाजीला ठाऊक नव्हतं असं नाही. मीनल उल्हासनगरच्या दवाखान्यात बाळंतपणाला अडली होती. पोराच्या डोळ्याला दोन रात्री डोळा लागला नव्हता. रजा मागितली, ती मिळाली नाही. हे सगळं ठाऊक असून याने फोन उचलला आणि स्टेशनला खबर दिली. पुढच्या स्टेशनात गाडी थांबवली, तर चेतन बसल्या जागी झोपलेला सापडला. चार्जशीट, पगारवाढ बंद, चार लोकांत शोभा. बाळाजीची बायको विठा रडून रडून म्हणाली, "अवो, आपलंच पोर ना ते?" तर हा काय म्हणतो?

"रुळाला काय कळतंय कोणाचं बाळंतपण?"

हे बोलणं चेतनच्या कानावर गेलंच. मग तो घरी आला नाही. बदलापूरला खोली घेतली, मुलीचं नाव श्रद्धा ठेवलं, आणि बाळाजीला ते बाजारात कुणाकडून तरी कळलं. विठा गेली तेव्हा तेवढा आला. आईला खांदा दिला, तेरावं उरकलं आणि बापाशी शब्द न बोलता निघून गेला.

राहिली होती ती फक्त झेंडी. गाडी आली की बाप फाटकात, मुलगा डब्याच्या दारात, दोघांचे हात लांब आणि ताठ. चेतन सरळ समोर बघायचा. बाळाजी मात्र डोळे फाडून बघायचा, पोरगा वाळलाय का, दाढी वाढलीय का. गाडी वळणाआड जाईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. पुढे उड्डाणपूल झाला, फाटक बंद झालं, बाळाजी रिटायर झाला, तेवढं बघणंही गेलं. आणि मग चेतनच गेला.

म्हाताऱ्याला एकच गोष्ट आतून खात होती. पोराने आपल्याला माफ केलं होतं, का नियम म्हणून नुसती झेंडी धरली? विचारणार कोणाला? सांगू शकेल अशी एकच, आणि ती काका म्हणते! म्हणूनच मीनल जवळ आली की हा जास्त मोठ्याने ओरडायचा, "एक गाडी चुकली नाय!" तिला कळावं, की पोराला लावला तोच नियम आपण स्वतःलाही लावला. मीनल ओठ मुडपून पुढच्या फोटोकडे जायची.

शेवटच्या दिवशी, रोज डब्यात गार्डचं सोंग घेऊन बाळाजीला झेंडी दाखवणारा मुकेश आलाच नाही. एमआयडीसीतले कामगार बायकापोरं घेऊन आले होते, गर्दी खोळंबली. मीनलने इकडेतिकडे बघितलं, झेंडी उचलली आणि स्वतःच डब्यात चढली. दारात उभी राहिली, हात लांब केला, नजर सरळ समोर.

अगदी चेतनसारखी! बाळाजीचा हात उठेचना. झेंडी मुठीत, मूठ मांडीला चिकटलेली.

"ओ काका, झेंडी दाखवा ना!" कोणीतरी हसलं. "सो गये क्या?"

गर्दी कंटाळून भाषणाच्या खुर्च्यांकडे सरकली. मीनल खाली उतरली. बाळाजी कसंनुसं हसून म्हणाला, "आज चुकली. तीस वर्षांत पहिली."

"पहिली नाही," मीनल म्हणाली.

"काय?"

"सासूबाईंचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ड्युटीवर गेलात. त्या दिवशी ह्यांची गाडी तुमच्या फाटकावरून गेली. ह्यांनी झेंडी धरली. तुम्ही बाकावर बसला होतात, झेंडी मांडीवर. डोळे उघडे होते, पण सगळी गाडी गेली तरी तुम्ही मान वर केली नाही."

"नाय, नाय. असं होणार नाय," बाळाजी म्हणाला. मग त्याने तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. फाटक आठवेना, गाडी आठवेना. घरात दोरीवर विठाचं लुगडं तसंच वाळत होतं, ते काढायला हात धजला नव्हता, तेवढंच आठवलं.

"मग? कळवलं त्यानं?"

"नाही कळवलं. घरी आले, जेवले नाहीत. खोटं कशाला बोलू, मीच म्हटलं, कळवा. त्यांनाही बघू दे कसं वाटतं ते. तर माझ्यावर ओरडले. म्हणाले, माणूस बायको जाळून आलाय गं. त्याला झेंडी कुठली दिसणार?"

बाळाजी फाटकाच्या खांबाला धरून खाली बसला. मोठ्याने हुंदका आला, तो त्याने दाबलाही नाही.

"मग घरी का नाय आला गं तो?"

"तुम्ही बोलवाल म्हणून वाट बघत होते," मीनल म्हणाली. "शेवटपर्यंत बघत होते. तुम्ही का नाही बोलावलंत?"

"मी म्हटलं, येईल," बाळाजी म्हणाला. "रागावलाय, येईल."

भाषणं आटपली. प्रदर्शनाचे कामगार फोटो उतरवायला लागले. चौघांनी गार्डचा डबा उचलला आणि बाहेर टेम्पोकडे न्यायला निघाले. रिकामं दार बाळाजीच्या समोरून हळूहळू सरकायला लागलं.

बाळाजी धडपडत उठला. टाचा जुळवल्या, हिरवी झेंडी उघडली आणि हात लांब केला.

डबा हॉलच्या बाहेर गेला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

"आबा," मीनल त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "गेली गाडी. हात खाली घ्या."

म्हाताऱ्याने हात खाली घेतला नाही.