आधी हात दाखवा

आमच्या नातीचं, नूपुरचं बारसं झालं त्या हिवाळ्यात कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या आमच्या इमारतीतलं गवत कापायचं मशिन अडून बसलं. पट्टा झिजून सैल झाला होता. पोतं अंथरून आमचे हे हिरवळीवर बसले होते आणि शेजारच्या स्टुलावर मी.

ती आमची जुनी रीत. यांची सगळी नोकरी लष्कराच्या फोर्ट विल्यम किल्ल्याच्या गवतात अशा मशिनांबरोबर गेली. दुरुस्ती क्वार्टरच्या अंगणात असली की आधी इंजिनाचा प्लग काढून माझ्या हातात द्यायचे. खाली पातं असतं, आणि प्लग नसला की इंजिन चुकूनही सुरू होत नाही. काम झालं की दोन्ही हात वर करून दाखवायचे, मगच मी प्लग परत द्यायची. मला तिजोरी म्हणायचे.

निवृत्तीनंतर मुलाकडे, अजेयकडे आलो, तर इथलं गवतही यांनी आपणहून अंगावर घेतलं. पण त्या वर्षी यांना विसरायला होऊ लागलं होतं. चहा पिऊन पुन्हा चहा मागत. अजेय म्हणाला, हे काम आता ठेकेदाराला देऊ. हे म्हणाले, एवढा पट्टा बदलतो, मग बोल. अजेयने मला बाजूला घेऊन सांगितलं, बाबांच्या बोटांकडे लक्ष ठेव.

यांनी प्लग माझ्या तळहातावर ठेवला. मशिन कलतं केलं, झाकण काढलं, स्प्रिंग ढिली केली, जुना पट्टा ओढून काढला. हात आपसूक चालले होते. ऊन धुरकट होतं. रस्त्यावरून नोलेन गूळवाल्याची, खजुरीच्या नव्या गुळाची हाळी येत होती, लांबत, विरत जात होती. गवताच्या वासाने माझे डोळे मिटले. वाटलं, आपण त्या जुन्या अंगणातच आहोत, अजेय आत झोपलाय, दोरीवर त्याची लंगोटी वाळतेय.

"प्लग दे गं."

मी डोळे उघडले. नवा पट्टा एका पुलीवर चढला होता, दुसरीवरून लोंबत होता. यांचा उजवा हात अजून मशिनखाली, कोपरापर्यंत.

"आधी हात दाखवा."

"दे म्हणतो ना. साहेब येतील आता."

"येऊ देत. तुम्हीच शिकवलंय मला. दोन्ही हात."

हे माझ्याकडे बघत राहिले, अनोळखी बाईकडे बघावं तसे. मग हळूहळू हात बाहेर आला. ग्रीसने माखलेले दोन्ही तळवे वर झाले. त्यानंतर यांना तो लोंबता पट्टा दिसला.

यांनी पट्टा नीट बसवला, पुली हाताने फिरवून पाहिली, झाकण लावलं. पुन्हा हात दाखवले. मी प्लग पुढे केला. यांनी घेतला नाही.

"राहू दे तुझ्याकडेच. अज्याला सांग, बघ म्हणावं ठेकेदार."

पुढे यांच्या आठवणीतून माणसं पुसली गेली. अजेय गेला, नूपुर गेली, माझं नावही गेलं. पण मी खाटेशी जाऊन बसले की यांचे दोन्ही हात वर व्हायचे. मी एकेका बोटाला हात लावायची आणि म्हणायची, सगळी आहेत.

प्लग अजून माझ्या बटव्यात आहे. माझे यजमान श्रीकांत, नूपुर शाळेत जायला लागली त्या वर्षी, माघातल्या एका सकाळी वारले.